त्रेचाळीस पानांची चार

४ फेब्रुवारी

आज तेविसावं यंत्र घरी आलं. मोठ्या संग्राहकांनी नोंदी ठेवल्या नाहीत म्हणून पुढच्या पिढ्यांचं केवढं नुकसान झालं, हे मी अनेक व्यासपीठांवरून सांगितलं आहे. माझ्या बाबतीत ते होऊ नये म्हणून ही वही.

यंत्र शंभर वर्षांपूर्वीचं, अमेरिकन, काळं कुळकुळीत. दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या आहेत. त्यातून आतल्या दांड्या दिसतात. टाइपरायटरला खिडक्या ठेवणारा समाज किती आत्मविश्वासाचा असेल! आपल्याकडे घरांना खिडक्या असतात आणि त्याही लोक बंद ठेवतात.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. बाहेरच्या खोलीत सोफ्याची जागा मागच्याच वर्षी सातांनी घेतली. कपाटावर चार, जिन्याखाली सहा, जेवणाच्या टेबलाच्या एका अर्ध्या भागावर पाच. मी नुसतं टेबलाच्या उरलेल्या अर्ध्याकडे बघितलं.

"बघू नका," बायको म्हणाली. "तिथे मी जेवते."

"दोघं जेवतो."

"तुम्ही बोलता. जेवते मी एकटी."

हिची विनोदबुद्धी पहिल्यापासून अशीच, कोरडी. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक होती, त्याचा परिणाम. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द बडवायचे, स्वतःचे उरणार कुठून?

यंत्र शेवटी तिच्या शिवणाच्या टेबलावर ठेवलं. शिवण आता ती पलंगावर बसून करील. उजेडही तिथे बरा आहे.

९ फेब्रुवारी

वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आल्या होत्या. बाई तरुण आहेत, चष्मा मोठा आहे आणि बोलतात मोजकं, म्हणजे आजकाल ज्याला कार्यक्षमता म्हणतात ते सगळं आहे. वाचनालयाच्या सभागृहात माझ्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं म्हणतात. सहा मार्चला उद्‌घाटन, उद्‌घाटनाचं भाषण माझं.

मी चेहरा कोरा ठेवला. पण या वहीशी खोटं कशाला बोलू? गेली चार वर्षं मला कुणी बोलायला बोलावलेलं नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत वर्षाला दोन व्यासपीठं ठरलेली असत. मग एकाएकी आमंत्रणं आटली. कारण उघड आहे. समाज बहिरा झाला. चार वर्षांपूर्वी नेमकं काय झालं की समाजाचे कान एकदम गेले, याचा अभ्यास कुणीतरी करायला हवा.

बाईंनी दोन अटी घातल्या. पहिली, काही यंत्रांवर लोकांना प्रत्यक्ष टाइप करता आलं पाहिजे.

"हात लावू द्यायचा?" मी विचारलं. "लोकांना?"

"सर, नुसतं बघायला कोण येणार? टकटक वाजलं पाहिजे."

दुसरी अट म्हणजे भाषण बारा मिनिटांचं. बारा! घसा साफ करायला मला तीन लागतात.

"सर, तुम्ही वाचनालय वाचवलंत ते भाषण अकरा मिनिटांचं होतं," बाई म्हणाल्या. "मी शाळेत होते. वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलं."

ते खरं आहे. वीस वर्षांपूर्वी वाचनालय पाडून तिथे गाड्या लावायची जागा करणार होते. मी बोललो. "दाराला कुलूप लावता येईल. वाचणाऱ्या माणसाला लावून दाखवा." हे वाक्य पुढे लोकांनी भिंतींवर रंगवलं. वाचनालय उभं आहे. मी दोन्ही अटी मान्य केल्या. बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं, असा माझा शब्द आहे.

बाई निघताना बायकोला म्हणाल्या, "तुम्ही येणार ना, ताई?"

"बसायला खुर्ची असेल तर येईन," ती म्हणाली.

१२ फेब्रुवारी

माळ्यावरून माझ्या भाषणांची पेटी उतरवली आणि आतून एक सिद्धान्तच बाहेर पडला!

पेटीत भाषणांच्या दोन-दोन प्रती आहेत. एक माझ्या हस्ताक्षरातली. दुसरी टाइप केलेली, कार्बनची. टाइप करायची ती बायको, कचेरी सुटल्यावर, कचेरीच्याच मराठी कळफलकाच्या अमेरिकन यंत्रावर. मी सकाळी तिच्या पिशवीत कागद टाकायचो, संध्याकाळी टाइप होऊन यायचे आणि मी थेट व्यासपीठावर जाऊन वाचायचो. आधी वाचून बघायची मला कधी गरज वाटली नाही. आपलंच तर होतं.

आज वाचनालयाच्या भाषणाच्या दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. हस्ताक्षरातली त्रेचाळीस पानं. टाइप केलेली चार.

प्रथम वाटलं, टाइपची अक्षरं बारीक असतात म्हणून. मग मोजलं. तेवढ्याने त्रेचाळीसची फार तर तीस झाली असती. बाकीची सव्वीस गेली कुठे? दोन तास विचार केला आणि उजेड पडला. हस्ताक्षरात शब्द फुकट असतो. यंत्रावर प्रत्येक अक्षराला बळ लागतं. कळ दाबा, दांडी उचला, फितीवर आपटा. बोटाला कष्ट पडले की वाक्य आपोआप आखूड होतं. यंत्र विचाराला शिस्त लावतं! अमेरिकनांनी नुसता टाइपरायटर बनवला नाही, त्यांनी लोखंडाचा संपादक बनवला.

ज्या यंत्रावर ही भाषणं झाली ते माझ्याकडेच आहे. बायको निवृत्त झाली त्याच दिवशी कचेरीने ते भंगारात काढलं. मी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उचलून आणलं. माझ्या संग्रहाचा आरंभ तिथून. आज ते एक नंबरचं आहे. प्रदर्शनात त्याच्याशेजारी काचेच्या पेटीत दोन्ही प्रती ठेवणार. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

१५ फेब्रुवारी

रविवार म्हणून मुलगी आली होती. ती औषधांच्या दुकानात औषधं देते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची मात्रा विचारायची तिला सवय आहे.

"बाबा, त्रेचाळीसची चार झाली आणि तुला व्यासपीठावर कळलंच नाही?"

"अगं, मी बोलताना समोरचे डोळे बघतो. कागद नाही."

"आणि हे यंत्राने केलं."

"यंत्राच्या शिस्तीने."

मुलगी आईकडे बघू लागली. आई फडक्याने टेबल पुसत होती, म्हणजे टेबलाचा तिचा अर्धा भाग.

"आई, तू काही बोलणार नाहीस?"

"बाबांचा सिद्धान्त आहे," बायको म्हणाली. "मी काय बोलू?"

"मग तुझ्याच निवृत्तीच्या समारंभात तू का नाही बोललीस?"

"वेळ कुठे उरला होता?"

त्या समारंभात मी एक तास वीस मिनिटं बोललो होतो. श्रमाचं माहात्म्य, लिपीचा उगम, स्त्रीशक्ती, काहीही सोडलं नाही. शेवटी शिपाई दिवे घालवू लागला तेव्हा थांबलो. सभागृहात बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. वक्त्याला याहून मोठी पावती नसते.

मुलगी लवकर गेली. डोकं दुखतंय म्हणाली. औषधांच्या दुकानात राहूनसुद्धा!

१९ फेब्रुवारी

टाइपरायटर दुरुस्त करणारा शहरात एकच मेस्त्री उरला आहे. तो दुपारी आला. उंचीने कमी, बोटं काळी, आणि यंत्राशी बोलताना आवाज एकदम मऊ. माणसांशी बोलताना नाही.

सगळी यंत्रं तपासून म्हणाला, "साहेब, यंत्रं चांगली आहेत. आजारी नाहीत. नुसती बसून आखडलीत."

"म्हणजे तेल हवं."

"तेल नको!" तो असा ओरडला की मी मागे सरकलो. मग त्याने एका यंत्रात बोट घालून दाखवलं. अक्षरांच्या सगळ्या दांड्या जिथे एका अर्धगोल पट्टीच्या खाचांत बसलेल्या असतात ती जागा. "इथे कधी तेल घालायचं नाही. इथे कोरडंच लागतं. तेल घातलं की पहिले दोन दिवस लोण्यासारखं चालतं. मग तेल धूळ धरतं, मग चिकटतं, मग दांडी वर जाते ती खाली येत नाही. इथे स्पिरिट आणि ब्रश. बाकी काही नको. मी पाच तारखेला येऊन सगळी धुऊन देतो."

मी त्याला सांगितलं की घर्षणाच्या नियमांवर मी एकेकाळी व्याख्यान दिलेलं आहे.

"व्याख्यानात दांड्या नसतात साहेब," तो म्हणाला.

कारागिरांच्या या हट्टाचं मला नेहमी कौतुक वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या एकच चूक इतक्या निष्ठेने करायची!

जाताना तो एक नंबरच्या यंत्रापाशी थांबला. मधल्या लांब पट्टीवर, जिथे दोन शब्दांमध्ये जागा सोडायला अंगठा मारतात, तिथे उजवीकडे खोलगट झिजलं आहे. त्याने तिथे स्वतःचा अंगठा ठेवून बघितला.

"हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

त्याने माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली.

२३ फेब्रुवारी

उद्‌घाटनाचं भाषण यंत्रावरच लिहायचं ठरवलं. सिद्धान्त स्वतःवर वापरून बघण्याचं धैर्य किती विचारवंतांत असतं?

सकाळी नऊला एक नंबरपुढे बसलो. दोन बोटांनी टाइप करतो, पण ठामपणे. दुपारपर्यंत अकरा पानं झाली आणि अजून अमेरिका सापडायची होती. संध्याकाळी एकोणीस. यंत्राची शिस्त लागायला थोडा वेळ जात असावा. फीतही जुनी आहे.

बायकोला म्हटलं, "तू जरा बसतेस का? तुझी बोटं सरावाची आहेत. तेवढं आखूड होईल."

"मी निवृत्त झाले," ती म्हणाली.

"कचेरीतून."

"सगळीकडून."

आणि शिवण घेऊन पलंगावर गेली. चार वर्षं झाली, हिने एका कळीला हात लावलेला नाही. मला वाटतं, बोटं दुखत असावीत. विचारायला हवं एकदा.

१ मार्च

भाषण बावन्न पानांचं झालं. म्हणजे यंत्रानेसुद्धा एकेका पानाला मान्यता दिली आहे. मोठ्याने वाचून वेळ मोजली नाही. वाचल्याने पाणी उतरतं.

३ मार्च

मेस्त्रीची वाट बघणं मनाला पटेना. पाच तारखेला आला नाही तर? आपला हात जगन्नाथ. शिवणयंत्राच्या तेलाच्या दोन बाटल्या आणल्या आणि तेवीसच्या तेवीस यंत्रांना स्वतः तेल पाजलं. मुळाशी, खाचांत, भरपूर. काय चालतात म्हणून सांगू! कळीला नुसतं बोट दाखवलं तरी दांडी उडी मारते. मेस्त्रीला फोन करून कळवलं, येण्याची गरज नाही.

त्याने किती बाटल्या, ते विचारलं. मग म्हणाला, "सहाला मी बघायला येतो, साहेब. नुसता बघायला."

बायकोने शिवणाच्या पेटीत तेलाची बाटली शोधली. सापडली नाही. त्या दोनांतली एक तिची होती हे मला मागाहून कळलं.

६ मार्च

जे घडलं ते क्रमाने लिहितो. मी आयुष्यभर लोकांना सत्याला सामोरं जायला सांगत आलो, त्यामुळे आता सुटका नाही.

सभागृह भरलेलं होतं. दीडशे तरी माणसं. लांब टेबलांवर तेवीस यंत्रं पॉलिश करून मांडलेली, काळी, हिरवी, एक लाल. एकाच्या दांड्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या उभ्या. एक घडी होऊन खोक्यात मावणारं. लोक "वा, वा" म्हणत होते. मी प्रत्येकाला प्रत्येकाचं वय सांगितलं. मधोमध एक नंबर आणि शेजारी काचेची पेटी: डावीकडे त्रेचाळीस पानं पसरलेली, उजवीकडे चार. वर मी स्वतः लिहिलेली पाटी: 'यंत्राने लावलेली शिस्त'.

मग मी बोललो. बारा मिनिटांचा शब्द दिला होता, तो मला आठवत होता. पण बाराव्या मिनिटाला मी मानवाच्या पहिल्या रेषेपाशी होतो, गुहेत. श्रोत्यांना गुहेत सोडून कसा येऊ? विसाव्या मिनिटाला ग्रंथपालबाईंनी चिठ्ठी पाठवली. ती मी पाण्याच्या पेल्याखाली ठेवली. तिसाव्याला मागच्या रांगा उठल्या. मला वाटलं, यंत्रं जवळून बघायला चालले आहेत. ते दारातून बाहेर गेले. पंचावन्नाव्या मिनिटाला मी सिद्धान्त मांडला, की आखूड, नेमकं, धारदार लिहिण्याची कला मला अमेरिकन यंत्राने शिकवली. त्या वाक्याला कुणीतरी हसलं. बावन्न पानं हातात धरून मी ते वाक्य बोलत होतो, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

टाळ्या झाल्या. सुटकेच्या टाळ्यांचा आवाज वेगळा असतो. तीस-पस्तीस वर्षांत मी तो पूर्वी ऐकलेला नव्हता. चार वर्षांपूर्वीचं, निवृत्तीच्या समारंभातलं भाषण सोडलं, तर.

बाईंनी घाईने माइक घेतला. "आता सगळ्यांनी यंत्रांवर टाइप करून बघा!"

लोक धावले. एका मुलीने लाल यंत्रावर बोट आपटलं. दांडी वर गेली आणि कागदाला चिकटून उभी राहिली. तिने दुसरी कळ दाबली. दुसरी दांडी पहिलीच्या गळ्यात. शेजारच्या टेबलावर तेच. पाच मिनिटांत तेवीस यंत्रांच्या दांड्या वर, जणू वर्गात सगळ्यांनी हात वर केले आहेत आणि उत्तर कुणालाच येत नाही. पॉलिशचा भुगा आणि तीन दिवसांची धूळ तेलात बसून खाचांत चिखल झाला होता. मेस्त्री भिंतीला टेकून उभा होता. त्याने फक्त डोळे मिटले.

आता दीडशेतली उरलेली नव्वद माणसं, आणि करायला काही नाही. वाजणारं काही नसलं की माणसं वाचतात. सगळे काचेच्या पेटीभोवती जमले. एक म्हातारे गृहस्थ डावीकडची पानं वाचू लागले, त्यांची सून उजवीकडची. ती दोन वाक्यं वाचायची, आणि म्हातारे डावीकडे ती शोधायचे.

"सापडलं!" ते ओरडले. "हे बघा, कुलपाचं वाक्य! सदतिसाव्या पानावर आहे. ग्रीकांच्या आरमाराच्या खाली!"

लोक हसले. मीही हसलो. अजून मला काही कळलं नव्हतं.

मेस्त्री पुढे आला. काचेवर नाक टेकवून दोन्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे वळला. त्याचा आवाज मऊ होता, यंत्राशी बोलताना असतो तसा.

"साहेब, साठ वर्षं मी ही यंत्रं उघडतोय. यंत्र अक्षर उठवतं. वाक्य गाळत नाही. हे गाळलं कुणी?"

मी तोंड उघडलं. मी! आणि आत काही नव्हतं.

पहिल्या रांगेतून बायको म्हणाली, "मी."

सगळे वळले. तिला ते आवडलं नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "कचेरी साडेपाचला सुटायची. शेवटची बस सव्वासहाला. पंचेचाळीस मिनिटांत माझी चार पानं व्हायची. मग चारच ठेवायची."

"पण कुठली चार ठेवायची, ते कसं ठरवायचात ताई?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"सगळं वाचायचे बसमध्ये, सकाळी जाताना. जे उतरल्यावरही लक्षात राहायचं ते ठेवायचे." ती थांबली. "वाक्यं यांचीच आहेत. मी एक शब्द घातला नाही कधी. पण यांच्याकडे चांगलं वाक्य असतं ना, ते गर्दीत उभं असतं. त्याला बसायला जागा करून द्यावी लागते."

यावर ज्या टाळ्या झाल्या त्यांचा आवाज मला चांगला ओळखीचा होता. फक्त आज तो मी बाजूने ऐकला.

७ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही.

१२ मार्च

पाच दिवस पेटी वाचतो आहे. एकसष्ट भाषणं. दोन्ही प्रती शेजारी ठेवून, ओळीवर बोट ठेवून.

एका भाषणात मी नगरशाळेच्या मुख्याध्यापकांच्या व्यंगावर दीड पान खर्च केलं होतं. टाइप केलेल्या प्रतीत ते दीड पान नाही. तेच मुख्याध्यापक पुढे माझ्या मुलीला शिकवणीचे पैसे न घेता गणित शिकवत होते. मला वाटायचं, माझ्या टीकेने माणूस सुधारला.

एका ठिकाणी मी लिहिलं होतं, "माझ्या घरी सुद्धा हे कुणाला कळत नाही." तेही गाळलेलं आहे. त्याचा राग आला होता की नाही, ते प्रतीवरून कळत नाही. टाइप अगदी सरळ आहे.

एकसष्टांपैकी साठ भाषणांना दोन प्रती. एकाला एकच, हस्ताक्षरातली, अठ्ठ्याऐंशी पानं. निवृत्तीच्या समारंभातलं. ते टाइप झालं नव्हतं. कोण करणार होतं? तिचं नाव त्यात शोधलं. चौसष्टाव्या पानावर एकदा आहे.

त्या दिवशीचे ते अश्रू कसले होते, हे तिला विचारायचं धाडस नाही. लोकांनी मला सिंह म्हटलेलं आहे.

१६ मार्च

मेस्त्री स्पिरिट आणि ब्रश घेऊन आला. मी माफी मागायला एक परिच्छेद तयार केला होता. त्याने पहिल्या वाक्यालाच हातात ब्रश दिला. दिवसभर आम्ही दोघांनी मिळून नऊ यंत्रं धुतली. दांड्या एकेक करून खाली बसतात तेव्हा बारीक टक आवाज येतो. कोरडा.

चौथ्या यंत्राच्या वेळी बायको येऊन उभी राहिली. "ती दांडी उजवीकडून धुवा," म्हणाली. मेस्त्रीने मान डोलावली. मला दोघांनीही काही विचारलं नाही.

दुपारी वाचनालयाचं पत्र आलं. दर महिन्याला एक भाषण ठेवणार आहेत, काम करणाऱ्या माणसांनी कामावर बोलायचं. पहिल्या भाषणाचं आमंत्रण आहे. पाकिटावर माझं नाव नाही.

मी पत्र तिला दिलं. माझा हात स्थिर होता, हे नोंदवून ठेवतो.

तिने वाचलं, घडी केली, परत उघडलं. "मी काय बोलणार?"

"एकतीस वर्षं," मी म्हणालो, आणि थांबलो. थांबता येतं, असं दिसतं.

ती म्हणाली, "ओळख करून द्यायला कुणीतरी लागेल. तुम्ही द्या. दोन वाक्यं."

१९ मार्च

दोन वाक्यांची नऊ पानं झाली. खरं सांगतो, मी प्रयत्न केला. पण तिच्याविषयी लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, यातलं काहीच मी पूर्वी कुठे म्हटलेलं नाही. साठलेलं सगळं एकदम दारात आलं.

नऊ पानं घेऊन तिच्या खोलीत गेलो. खिडकीपाशी शिवणाच्या टेबलावर ती बसली होती. सकाळीच आम्ही दोघांनी तिथलं काचेच्या खिडक्यांचं यंत्र उचलून जिन्याखाली ठेवलं.

"हे काप," मी म्हणालो.

तिने चष्मा चढवला, पहिल्या पानावरून नजर फिरवली, घड्याळाकडे बघितलं. सवय.

"आता बस पकडायची नाही," मी म्हणालो. "सावकाश काप."

तिने सावकाश वाचलं. नवव्या पानापर्यंत पेन्सिल उचलली नाही. मग पहिल्या पानापासून कापायला लागली आणि फार कापलं. कापलेली पानं मात्र मला परत दिली नाहीत. घडी करून शिवणाच्या पेटीत ठेवली.

२२ मार्च

वाचनालय. शंभरावर माणसं. मी माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "ही माझी बायको. इतकी वर्षं तुम्ही हिचं ऐकत होतात, आज बघूनही घ्या." आणि खाली उतरलो. अकरा सेकंद लागली. ग्रंथपालबाई घड्याळ हातात धरून उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

बायको एकोणीस मिनिटं बोलली. साहेबांची हस्ताक्षरं, कार्बनने काळी झालेली बोटं, एका अक्षरासाठी पुन्हा मारलेलं अख्खं पान. लोक दोनदा हसले. कागद तिच्या हातात नव्हता. मेस्त्री रडत होता आणि स्पिरिट डोळ्यांत गेलं म्हणत होता. स्पिरिट त्याच्या दुकानात होतं.

मी पहिल्या रांगेत बसून पूर्ण ऐकलं. मध्ये चार ठिकाणी मला बोलायचं होतं, बोललो नाही.

वाचनालयाच्या त्या खुर्च्या भयंकर आहेत. पाठीला एक पट्टी रुतते, मांडी घालता येत नाही, आणि पंधराव्या मिनिटाला पाय बधिर होतो. लोक तीस-पस्तीस वर्षं यांच्यावर बसून माझं ऐकत होते आणि मला एकानेही सांगितलं नाही.